शिसपेन्सिलीचं अक्षर

थोरल्या दवाखान्यात जिन्याखालची खोली.
पाटीवर 'त्वचारोग', लोक म्हणतात खाजेची खोली.
मंगळवारी, शुक्रवारी बाकावर माणसं
बाह्या मनगटापर्यंत ओढून बसतात.
चारचौघांत खाजवायचं नाही असं ठरवलेला हात
मांडीखाली कसा दाबलेला असतो
ते मला दारातनंच कळतं.

डॉक्टर हेरवाडे वॉर्ड उरकून साडेदहाला येतात.
मी नवाला.
केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात
शिसपेन्सिलीनं बारीक लिहून ठेवते
औषध, किती वेळा, किती दिवस.
ते येतात, तपासतात, दोन प्रश्न विचारतात
आणि माझ्याच अक्षरावरनं निळं पेन फिरवतात.
खाली सही, शिक्का.
शिसं निळ्याखाली राहतं.
कागद तिरका धरला तर चमकतं.

मगदूमांचा पैलवान आला, तालमीतनं थेट.
कान मोडलेले, मानेवर नायट्याची वेटोळी.
"मेडिकलवाल्यानं ट्यूब दिलती, सिस्टर.
आठ दिवस झ्याक. मग पेटलंच की."
ट्यूब न बघताच मला तिचं नाव माहीत.
"टॉवेल किती जणांत एक?"
पैलवान छताकडं बघतो.
"वस्ताद म्हणतात, माती सगळं बरं करती."
मातीला मी नावं ठेवली नाहीत.
टॉवेल वेगळा कर म्हटलं,
आणि जोडीदाराला घेऊन ये.

दिलशाद नदाफ, तीन पोरं,
सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्या लाल.
एकाच रात्री सगळ्यांनी लावायचं,
मानेपासनं तळपायापर्यंत. नवऱ्यानंसुद्धा.
"ते न्हाई लावायचे."
"मग पुढच्या मंगळवारी भेटूच."
ती हसली. पोरं खाजवत राहिली.

खोडरबर एकदाच चाललं माझ्यावर.
नवी नवरी, कमरेला नायटा.
मी पोटातनं घ्यायच्या गोळ्या लिहिल्या, दोन आठवडे.
हेरवाड्यांचं पेन वरच थांबलं.
"पाळी कधी आली होती?"
ती बोटं मोजायला लागली, सासूकडं बघत.
सासू भिंतीवरच्या तक्त्याकडं.
मी विचारलंच नव्हतं.
डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं खोडलं.
कागद तिथं पातळ झाला,
बाळाच्या टाळूसारखा.
आता पहिला प्रश्न तोच,
आणि सासू बाहेर, बाकावर.

परवा शुक्रवारी डॉक्टर कोर्टात साक्षीला.
शिरोलीच्या फाउंड्रीतला धनपाल,
दंडावर फिकट चट्टा, रुपयाएवढा.
"खाजत न्हाई, दुखत न्हाई, कायच न्हाई.
बायकोनं धाडलं म्हणून आलो."
कायच न्हाई.
एवढं ऐकलं की माझे हात सावकाश होतात.
कापसाची वात वळली.
"डोळे मिटा. लागलं की सांगा."
चट्ट्याच्या बाहेर टेकवली. "हां."
आणखी बाहेर. "हां."
चट्ट्यावर टेकवली.
दसरा चौकात कुणीतरी बुलेट काढली.
पुन्हा टेकवली.
"लावताय न्हवं, सिस्टर?"

कपाटात गोळ्यांची पाकिटं,
किल्ली माझ्या कमरेला.
डोस पाठ, महिने पाठ,
लघवी लाल होईल, घाबरू नका, हेही पाठ.
सही तेवढी माझी नाही.
आणि ती पोर, तिची बोटं, तो पातळ कागद
हेही माझंच.
"मंगळवारी या. साडेदहाला. याच."
त्याचा नंबर घेतला, बायकोचाही घेतला.

खोली रिकामी झाल्यावर लिहायला बसले.
नेहमीपेक्षा जास्त दाबून लिहिलं असणार,
टोक मोडलं.
कागद उलटा केला.
मागं अक्षरं उमटलेली, उलटी, बिनरंगाची.
डोळे मिटले,
बोट फिरवलं.

मला लागलं.